वस्तादांचं एक पाऊल

आखाड्यात जिंकणाऱ्याजवळ सांगण्यासारखं फार काही नसतं. उतरलो, मारलं, घरी आलो. संपली गोष्ट! किस्से साचतात ते मार खाणाऱ्याजवळ. मार खाऊन घरी येताना वाट लांब वाटते, आणि त्या वाटेवर माणूस आपण का हरलो याची कारणं जुळवत चालतो. घरी पोचेपर्यंत त्या कारणांचा किस्सा झालेला असतो. माझ्याजवळ असे इतके जमले आहेत, की मित्र मला चहाला बोलावतात तेव्हा मला संशय येतो, हे मला बोलावतात की माझ्या पराभवांना!

त्यात मला रोज रात्री चार ओळी लिहून ठेवायची खोड. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं वाचनालयात बसून आपलं आपण. त्यामुळे कुठला मार कुठे बसला हे मला सोयीस्करपणे विसरताही येत नाही.

*

अमरावतीच्या आमच्या आखाड्यात गुलाबराव वस्ताद काठी शिकवत. शहराबाहेर त्यांचा मळा होता. पहाटे वांगी आणि सांबाराच्या जुड्या बाजारात टाकून ते थेट आखाड्यात येत, म्हणून आमच्या काठ्यांना कायम त्या सांबाराचा, म्हणजे ताज्या कोथिंबिरीचा वास! मी जिनिंग फॅक्टरीत कारकून. सकाळी काठी, मग हापिस.

काठी बऱ्यापैकी आली तसं मला वाटू लागलं, एकाच विद्येवर का थांबायचं? अचलपूरला रहमान उस्ताद फरी-गदका शिकवत. फरी म्हणजे कातड्याची छोटी ढाल आणि गदका म्हणजे कातडं मढवलेली छडी. दर रविवारी बसनं तिकडे जाऊ लागलो. अकोला तर माझी सासुरवाडी. थोरले मेहुणे तुकारामभाऊ नावाजलेले पैलवान. त्यांच्याकडून कुस्तीचे डाव उचलले.

मग घरामागच्या परसात मी तिन्ही विद्या एकत्र केल्या. वस्तादांचा हात, उस्तादांचा पाय आणि मेहुण्यांची कंबर! नाव ठेवलं 'त्रिवेणी पद्धत'. एकामागून एक हात कसे यावेत, कुठे वळावं, कुठे बसावं, सगळं ठरवून पाठ केलं. आणि एका सकाळी वस्तादांसमोर एकट्यानं करून दाखवलं.

वस्ताद कट्ट्यावर बसून फुटाणे खात होते. मी घामाघूम होऊन थांबलो. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "लय सुंदर! आता समोर मानूस उभा कर."

मी म्हणालो, "वस्ताद, सकाळच्या मुलांना हे शिकवू द्या मला. बस, एवढीच इच्छा आहे."

"शिकव ना. मी कुठं नाई म्हनतो? फक्त लढंतीत मले एक पाऊल मागं सरकव. ज्या दिवशी सरकवशीन त्या दिवशी सकायचे पोट्टे तुह्ये!"

एक पाऊल! मला वाटलं, आठवडाभराचं काम आहे. हे बोलणं झालं तेव्हा अमरावती मध्य प्रदेशात होती. मग ती मुंबई राज्यात गेली, मग महाराष्ट्रात आली. एवढी अमरावती सरकली, पण वस्ताद काही सरकले नाहीत!

*

शिकवणं काठीचं असलं, तरी कमी लागावं म्हणून आमच्याही आखाड्यात लढंत फरी-गदक्यानंच होई. लढंतीत माझा नेहमीचा जोडीदार म्हणजे पोस्टातले वानखडे. अंगानं किरकोळ, स्वभावानं शांत. त्यांना एकच हात येत असे. डोक्यावर मारल्यासारखं करायचं आणि खांद्यावर मारायचं. दुसरा हात शिकायची त्यांना कधी गरजच पडली नाही, कारण समोर मी असायचो.

त्रिवेणी पद्धतीत डोक्यावरच्या वारानंतर कमरेचा वार येतो. मी कंबर झाकून तयार. वानखड्यांनी खांद्यावर दिली! मी हात वर करून लढंत थांबवली.

"वस्ताद, हे बरोबर नाही! इथं कमरेवर मारायला पाहिजे होतं."

वानखडे बिचारे ओशाळले. "चुकलं का वामनराव? मले वाटलं खांदा रिकामा आहे."

वस्ताद म्हणाले, "वानखडे, पुढच्या टायमाले त्याले पोस्टकार्ड टाकत जा. 'अमुक ठिकानी मारून राहिलो, तयार राहा.' आपलंच पोस्ट आहे!"

पुढे वानखडे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. घरचे सगळे गेले होते. परत आले ते पेढे घेऊनच आखाड्यात हजर. मी पेढा तोंडात टाकला आणि मोठ्या आशेनं विचारलं, "वानखडे, आता तुम्ही अहिंसावाले. माझा खांदा सुटला म्हणायचा!"

"दीक्षा मी घेतली, वामनराव," ते गदका उचलत म्हणाले. "यानं नाई घेतली!"

*

दसऱ्याला आमच्या आखाड्याची जाहीर प्रात्यक्षिकं होत. एका वर्षी कमिटीला माझी त्रिवेणी पद्धत फार आवडली. दिसायला ती देखणी होतीच. माझ्याबरोबर वानखडे, आणि सगळे वार आधीच ठरवलेले. महिनाभर तालीम केली. नवा लंगोट, नवा बनियन, मैदानभर लोक.

सुरुवात झाली. दोन वार ठरल्याप्रमाणे आले. तिसऱ्याला वानखड्यांच्या डोळ्यात धूळ गेली आणि ते डोळा चोळत बाजूला उभे राहिले. मला ते समजलं नाही! मी पुढचे सगळे वार त्याच क्रमानं अडवत राहिलो. बसून अडवले, गिरकी घेऊन अडवले, एकदा तर उडी मारून अडवला. समोर कोणी नाही! शेवटी मी नमस्कार केला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुणे म्हणून आलेले वकीलसाहेब भाषणात म्हणाले, "काय ती चपळाई! शत्रूचा एकही वार अंगाला लागू दिला नाही!"

वस्ताद माझ्या कानाशी पुटपुटले, "अदृश्य मानसाशी लय चांगला लढतं तू. काही दुश्मनी आहे का त्याच्याशी?"

*

ह्या फजितीनंतर मी सुट्टी काढून अकोल्याला गेलो, आणि तिथे मात्र चमत्कार झाला. मी सगळ्यांना हरवलं!

तुकारामभाऊंच्या तालमीत मी त्या सुट्टीत रोज माती अंगाला लावली. पहिल्या दिवशी एका जाड्याजुड्या पैलवानाला टांग मारली, तो धप्पकन पाठीवर. दुसऱ्या दिवशी बाळापूरचा एक दांडगा गडी आला होता. त्यालाही मी लोळवलं. तिसऱ्या दिवशी खुद्द तुकारामभाऊ! त्यांची मान धरून मी नुसता वळलो, तर ते पाठीवर पडून वर "वा, जवाईबापू, वा!" म्हणाले.

मी फुगलो. बसमध्ये अमरावतीपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत येताना मला वाटत होतं, त्रिवेणीतली कंबर आता पक्की झाली. ह्याच कमरेनं वस्ताद एक काय, चार पावलं सरकतील.

सकाळी सरळ आखाड्यात गेलो आणि वानखड्यांची मान धरून तसाच वळलो. वानखडे जागचे हलले नाहीत. मी मात्र त्यांच्याभोवती पूर्ण गोल फिरून पुन्हा समोर आलो!

"काही हरवलं का वामनराव?" त्यांनी विचारलं.

घरी येऊन मी बायकोला, सुमनला, सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, हे कसं झालं? अकोल्याला तर तुझा भाऊसुद्धा पडला!

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमी तिथले जवाई. जवायाले पाठीवर पाडलं असतं तं आईनं दादाले जेवू घातलं असतं का?"

"पण तो बाळापूरचा? त्याला काय माहीत मी जावई?"

"दादानं साऱ्यायले आधीच सांगून ठेवलं होतं. बाळापूरवाल्याले तं तालमीच्या दारातूनच!"

 मग पुढच्या खेपेला अकोल्याला गेल्यावर तुकारामभाऊंना बाजूला घेतलं आणि हात जोडले. "भाऊ, एकदा तरी मला खरं पाडा. नाहीतर मला काही येणार नाही."

ते विचारात पडले. म्हणाले, "बापू, आमच्या दारात नाई जमत. चला, गावाबाहेर चला!"

आणि गावाबाहेर, एका नुकत्याच वखरलेल्या वावरात, त्यांनी इतक्या दिवसांचा राहिलेला मान मला एकदम दिला. बैलगाडीवाला एक म्हातारा गाडी थांबवून पाहत होता. तो ओरडला, "अरे, काहून मारून राहिला त्या भल्या मानसाले?"

मी मातीतूनच म्हणालो, "मीच सांगितलं, बाबा!"

म्हाताऱ्यानं बैल हाकले. जाताना म्हणाला, "मंग मार बाप्पा!"

*

आमच्या आखाड्यात लढंतीला गदक्याचं टोक गेरूच्या पाण्यात बुडवायची पद्धत होती. बनियनवर लाल ठिपका उमटला की वाद संपला. "लागलंच नाही" म्हणायची सोय नाही. ही पद्धत फार चांगली, पण त्यामुळे माझी सगळी कामगिरी रोज धुण्यात जायची.

सुमन पैलवानाची बहीण. ती बनियन झटकून उजेडात धरायची आणि वाचल्यासारखं म्हणायची, "आज डावा खांदा. वानखडेभाऊजी आले होते वाटते." किंवा, "आज पाठीवर हाय. पयून राहिले होते का?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "तुला एवढं कळतं, तर सांग ना, माझा एकही वार का बसत नाही?"

आम्ही जेवत होतो. ती म्हणाली, "तुमी ठेचा घेऊन राहिले."

माझा हात अजून ताटातच होता! "तुला कसं कळलं?"

"हात जायच्या आधी डोये जाते तुमचे. लग्न झालं तवापासून पाहून राहिली मी. जे पायजे ते आधी टकमक पाहता, मंग हात नेता. गदका घेऊनबी तसंच करत असान."

दुसऱ्या दिवशी मी वानखड्यांना विचारलं, "मी मारायच्या आधी तिकडे पाहतो का हो?"

वानखडे म्हणाले, "हो तं! आमाले वाटलं, ते तुमच्या त्रिवेणीतच आहे."

*

एवढं झाल्यावर मला एक भीती वाटू लागली. मी रहमान उस्तादांना कधी सांगितलंच नव्हतं, की तुमची विद्या मी दुसऱ्यांच्या विद्येत कालवतो आहे. गुरूला कळलं तर काय वाटेल? एका रविवारी अचलपूरला गेलो आणि धीर करून सगळं सांगून टाकलं. वस्तादांचा हात, तुमचा पाय, मेहुण्यांची कंबर.

उस्ताद मोठ्यानं हसले. "मियाँ, आमचे उस्ताद तीन गावांत मार खाऊन आले होते. त्या तीन गावच्या माराले लोक आता अचलपूरची पद्धत म्हणते!"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी उत्साहानं विचारलं, "मग उस्ताद, तुमच्या मते चांगली पद्धत कोणती? अमरावतीची की इथली?"

"ज्यानं मार कमी पडते, ते."

मग त्यांनी माझ्या हातातला गदका काढून घेतला आणि नुसती फरी ठेवली. म्हणाले, "आता दिवाळीपर्यंत असंच यायचं. मारायचं नाई. नुसतं वाचायचं."

मी त्रिवेणीतले हात एकेक करून त्यांच्यापुढे वापरून पाहिले. गिरकी घेतली, गिरकीत मार बसला. गिरकी सोडली. खाली बसलो, उठेपर्यंत डोक्यावर बसला. बसणं सोडलं. उडी तर त्यांनी पुरी होऊच दिली नाही! दिवाळी आली तेव्हा माझ्या त्या भव्य पद्धतीतलं जे काही शिल्लक होतं, ते एका चिमटीत मावलं असतं. एक पाय, एक खांदा, आणि वर धरलेली फरी.

परत निघताना मी खिन्न होऊन म्हणालो, "उस्ताद, सगळं गेलं. काहीच उरलं नाही."

उस्ताद म्हणाले, "जे गेलं ते तुमचं कधी होतं?"

*

आणि आता ती सकाळ.

वस्तादांचे गुडघे दुखायला लागले होते. कमिटीनं ठरवलं, की वस्तादांना विश्रांती द्यायची, आणि त्यांच्या जागी सकाळच्या मुलांसाठी एक ड्रिल मास्तर नेमायचा. तो ओळीत उभं करून कवायत घेणार. लढंत बंद. मुलांना लागतं, आईबाप तक्रार करतात, वगैरे. "तुमच्यातलं कोणी वस्तादांच्या पसंतीचं असेल तर सांगा," असंही कमिटी म्हणाली. पण वस्तादांची पसंती म्हणजे ते एक पाऊल! वानखडे लढले असते, पण शिकवायचं म्हटलं की ते म्हणायचे, "मले एकच हात येते, दुसऱ्या दिवशी काय शिकवू?"

म्हणजे उरलो मी.

कमिटीची बैठक सायंकाळी होती. सकाळी मी वस्तादांना म्हणालो, "आज उतरा."

"गुडघा दुखून राहिला बाबू."

"माझे सगळेच सांधे दुखतात वस्ताद. उतरा."

ते उतरले. लाल माती नुकतीच खणून, पाणी मारून ठेवलेली होती. सगळी मुलं काठावर जमली. आम्ही मातीला हात लावून कपाळाला लावला.

पहिला वार माझ्या खांद्यावर बसला. दुसरा दंडावर. मला त्रिवेणी आठवली नाही, उस्ताद आठवले नाहीत, कोणीच आठवलं नाही. तिसरा वार डोक्याकडे येताना दिसला आणि दरवेळी मी मागे जायचो तो ह्या वेळी, का कोण जाणे, फरी वर धरून पुढे घुसलो. माझा खांदा वस्तादांच्या छातीवर आदळला.

आणि वस्तादांचा उजवा पाय मागे गेला. एक पाऊल!

 मग एकच गिल्ला झाला.

"सरकले! सरकले बाप्पा, मी पायलं!" वानखडे नाचतच होते.

"नाई नाई, घसरले! माती ओली हाय!"

"गुडघ्यानं दगा देल्ला!"

वस्ताद खाली वाकून, दुसऱ्या कोणाचा असावा तसं आपल्या पायाकडे पाहत होते. मग मान वर करून म्हणाले, "गप बसा रे! बाबू, तूच सांग. तू सांगशीन ते खरं. तू सरकवलं का मी घसरलो?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक शब्द बोलायचा होता. त्या एका शब्दासाठी मी इतकी वर्षं तीन गावांत मार खाल्ला होता. सायंकाळी कमिटीपुढे ड्रिल मास्तर येणार होता. शब्द जिभेवर आला होता.

पण अडचण अशी होती, की त्या क्षणी माझे डोळे मिटलेले होते!

"मला माहीत नाही, वस्ताद," मी म्हणालो. "मी पाहिलं नाही. डोळे मिटले होते."

सारा आखाडा हसायला लागला. वानखड्यांनी कपाळावर हात मारला. वस्ताद हसले नाहीत.

"मंग आता?"

"पुन्हा उतरू. ह्या वेळी उघडे ठेवतो."

पुन्हा उतरलो. आणि ह्या वेळी मी खरंच सगळं नीट पाहिलं. वार डोक्याकडे येताना पाहिला, तो खोटा आहे हे पाहिलं, मी पुढे घुसलो तेव्हा वस्ताद बाजूला झालेले पाहिले, त्यांचा दुखरा पाय माझ्या पायामागे आलेला पाहिला, आणि मग आभाळ पाहिलं. सकाळचं, स्वच्छ, एकही ढग नसलेलं.

त्या आभाळात वस्तादांचं तोंड आलं.

"उद्यापासून सकायचे पोट्टे तुह्ये," ते म्हणाले. "पायलं नाई तं नाई म्हनला तू. कमिटीले मी सांगतो."

माझा विश्वास बसेना. मी आडव्यानंच विचारलं, "वस्ताद, पण शिकवू काय?"

"हेच."